पक्षकार माझी आई

दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेला चार दिवस उरले होते. घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत संघप्रिया आणि तिची मैत्रीण सुमय्या एकमेकींना घटनेतली कलमं विचारत होत्या, तेवढ्यात गॅलरीत भांडण पेटलं. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून संघप्रियाची आई आणि शेजारच्या सुंदराबाई हमरीतुमरीवर आल्या होत्या. सुंदराबाईंनी दारातूनच हाक मारली, “तू जज होनार ना? मग तूच सांग, दोरी कोनाची?” संघप्रिया पुस्तक मिटून दारात आली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे न्याय मागत होतं! पण ती म्हणाली, “मला नाही सांगता येणार. एक पक्षकार माझी आई आहे. निकाल सुमय्या देईल.” “पोटची पोर असून माझी बाजू नाय घेत?” आई कडाडली. सुमय्याने ओढणी सावरली, दोघींना गॅलरीतच बसवलं आणि एकेकीचं सगळं ऐकून घेतलं. त्यातच कळलं, की सुंदराबाईंना महापेच्या एका कॅन्टीनमध्ये दुपारची ड्युटी लागली होती. कपडे वाळवायला त्यांना फक्त सकाळच उरली होती. “मावशी, दोरी तुम्ही बांधलीत, पण गॅलरी दोघींची आहे,” सुमय्या संघप्रियाच्या आईला म्हणाली. “बारापर्यंत दोरी सुंदराबाईंची, नंतर तुमची.” आई उठली आणि दोरीवरच्या आपल्या ओल्या साड्या बादलीत टाकू लागली. संघप्रियाने आनंदाच्या भरात सुमय्याला आत ओढलं आणि पुढचं कलम काढलं. बाहेर सुंदराबाई मोठ्याने हसल्या, तशी आई म्हणाली, “हळू गं बाई. आत दोन जज अभ्यास करतायत.”