सलाइनचा हात

चिपचा तो खड्डा काळाच राहिला आणि आत्याच्या जिवात जीव आला.

आत्या होऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. त्याआधी ती या प्रयोगशाळेतली एक बाई होती, यीस्टपायी डोळ्यांच्या खाचा करून घेतलेली. आता भावाचं बाळ दवाखान्यात होतं. दूध पोटात ठरत नव्हतं, अंग पिवळं पडलं होतं. डॉक्टरांना शंका होती की दुधातून येणारी साखर त्याला पचत नाही, ती रक्तात साचते आणि विषासारखी भिनते. खात्री होईपर्यंत दूध बंद. रिपोर्ट बाहेरगावाहून यायचा होता आणि भावाला दम निघत नव्हता. त्यानं रक्ताची इवलीशी नळी आणून बहिणीच्या हातावर ठेवली. "तुझं ते यीस्ट काय म्हणतंय बघ," म्हणाला आणि आल्या पावली दवाखान्यात परत गेला.

तिच्या यीस्टला एकच काम शिकवलेलं होतं. ही दुधाची साखर भेटली की हिरवं चमकायचं. चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या बारीक मण्यांवर यीस्टच्या पेशी बसवलेल्या. चिप म्हणजे बारीक खड्डे कोरलेली काचेची पट्टी; तिच्याखालचं चुंबक सरकवलं की मणी आपापल्या खड्ड्यात जाऊन बसायचे. वरून रक्ताचा थेंब सोडायचा, थांबायचं, मग सूक्ष्मदर्शकातून बघायचं. अंधार म्हणजे साखर नाही.

तिनं उभ्या उभ्याच फोन लावला. "दादा, काही नाही रे. साखर नाहीये."

"मग दूध द्यायचं?"

डॉक्टरांना विचार, असं म्हणायला हवं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "द्या की." इतक्या वर्षांत आपलं काम पहिल्यांदाच घरच्यांच्या उपयोगी पडलं, म्हणून बाई हुरळून गेली होती.

फोन ठेवल्यावर तिनं शेजारच्या खड्ड्यात पाहिलं. तिथं त्याच रक्तात तिनं दुधाची साखर स्वतःच्या हातानं मिसळली होती. तिथं उजेड दिसायलाच हवा. हा खड्डा आधी बघा, मग तोंड उघडा, असं ती नव्या मुलांना कानीकपाळी ओरडून सांगायची.

तोही काळाच होता.

तिनं चुंबक हलवून पाहिलं. मणी जागेवर होते, पेशी जिवंत होत्या. म्हणजे साखर समोर असूनही यीस्ट तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं. असं कधी होतं ते तिला पाठ होतं. ताटात ग्लुकोज असेल तर यीस्टला दुसरी साखर नको असते. आयतं मिळत असताना कष्टाचं कोण खाईल? रक्तातलं नेहमीचं ग्लुकोज ती आधी काढून टाकायची. पण नेहमीचं, तेवढंच; त्याहून जास्त असेल तर ते मागे उरायचं.

तिनं पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचल रे दादा, उचल.

"हां, बोल."

"रक्त कुठल्या हातातून काढलं?"

"सलाइन लावलीय ना, त्याच हातातून. नर्स म्हणाली, एवढ्याशा जिवाला परत कशाला टोचायचं."

दूध बंद असलेल्या बाळाला लावलेली ती सलाइन ग्लुकोजचीच असणार. म्हणजे आत्यानं बाळाचं रक्त नव्हे, सलाइनच तपासली होती.

"वहिनी कुठंय?"

"पाजतेय. अगं, कसा शांत झालाय बघ, आम्हालाच रडू—"

"काढ त्याला. आत्ताच्या आत्ता."

"अगं पण तूच तर म्हणालीस..."

"मी चुकले, दादा. माझ्या चिपला काही कळलेलंच नाही. आधी त्याला बाजूला घे, मग डॉक्टरांना बोलाव."

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. मग वहिनीचा आवाज चढला. "आत्ता द्या म्हणते, आत्ता काढा म्हणते. खेळ आहे का माझं लेकरू?" त्यावर भाऊ काहीतरी बोलला, ते नीट ऐकू आलं नाही.

आत्या फोन कानाशी घट्ट दाबून उभी होती.

मग तिकडून रडणं आलं, बारीक, चिडलेलं, तोंडचा घास काढून घेतल्यावर येतं तसं. आत्यानं स्टूल ओढून घेतलं आणि ती त्यावर बसली.

"रड रे राजा," ती फोनमध्ये म्हणाली, "रड."