दादाचे बूट

उजव्या बुटाच्या टाचेपाशी, कातडं आणि सोल यांच्यामध्ये, केसाएवढी फट पडली होती. पाऊल उचललं की ती रुंदावायची, टेकलं की मिटायची. चिमणी पुढे चढत होती. वहिनी मागून येत होती आणि तिचं लक्ष वाटेपेक्षा त्या फटीकडेच होतं. वळणावर फट बोटभर झाली. पुढच्या दगडावरून चिमणीने पाय उचलला, तेव्हा सोल दगडावरच राहिला.

"वहिनी, माझा पाय एकदम हलका का झाला गं?"

"खाली बस. बघू."

चिमणी हे नाव तिला दादाने ठेवलं होतं, ती पाळण्यात असताना. पुढे ती दारातून वाकून आत येण्याइतकी उंच झाली, तरी नाव तेच राहिलं. पायही भावाच्याच मापाचे. म्हणून तर आज तिने त्याचे बूट घातले होते. घरात हे असताना नवे कशाला, म्हणाली होती.

वहिनीला इथवर ओढून आणणारीही तीच. "एक दिवस डोंगरावर गेलीस तर आभाळ कोसळत नाही. नर्सबाई आहेत घरी. आणि तुझी सॅक माळ्यावर अंडी घालायला लागली असेल आता."

एके काळी दर महिन्याला दोन सॅक एकत्र भरल्या जायच्या. तंबू दादाच्या पाठीवर, स्टोव्ह वहिनीच्या. मग एका सकाळी दात घासता घासता त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्याला अकरा वर्षं झाली. त्याचे डोळे उघडे असतात, पण त्यांत ओळख नसते. नाकातल्या नळीतून अन्न जातं. ठरलेल्या वेळी कूस बदलावी लागते. वहिनीने ती इतक्या नेमाने बदलली होती की त्याच्या पाठीवर आजवर एकही जखम झाली नव्हती. डॉक्टर इतर रुग्णांच्या नातेवाइकांना तिचं उदाहरण देत.

या हिवाळ्यात त्याची छाती दोनदा भरली. दोन्ही वेळा दवाखाना, दोन्ही वेळा श्वासाचं मशीन. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून हळूच विचारलं होतं, पुन्हा असं झालं तर काय करायचं? सांगते, असं ती म्हणाली होती. अजून सांगितलं नव्हतं. चिमणीलाही हा प्रश्न माहीत होता. दोघींपैकी कुणी तो काढत नसे.

वहिनीने सोल उचलला. दोन बोटांत दाबला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तो चुरला.

"मी काही केलं नाही हं," चिमणी म्हणाली. "नीट चालत होते. आदळआपट नाही की काही नाही."

"तुझी चूक नाही."

"मग कुणाची? चांगले नव्यासारखे होते की गं. कातडं तर आरशासारखं चकाकतंय."

"दरवर्षी तेल लावते मी. सुती कापडात गुंडाळून ठेवते."

"आणि तुझे? एकाच दिवशी घेतले होते ना दोन्ही?"

वहिनीने आपल्या पायांकडे पाहिलं. तिच्या बुटांची टोकं खरवडली होती, एका बाजूची शिवण उसवून पुन्हा घातली होती, टाचा झिजल्या होत्या. पण सोल जागच्या जागी होते. पावसात ती तेच घालून प्रयोगशाळेत जायची. भाजी आणायला, औषधं आणायला तेच.

"मी घालते," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत तिचं काम पाण्याचे पाइप किती वर्षं टिकतील ते तपासण्याचं. सोलच्या असल्या मऊ प्लास्टिकला हवेतला ओलावा आतून पोखरतो, आणि न वापरता ठेवलेले सोल आधी जातात, हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. कपाटातले बूट काढून तेल लावताना मात्र तिला ते एकदाही आठवलं नव्हतं.

तिने जॅकेटच्या खिशात हात घातला. पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी तिथे असायचीच. त्याच्या नाकातली नळी गालावर पक्की करायची पट्टी. तिने चिमणीचा पाय मांडीवर घेतला, सोल खालून लावला आणि पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. तिचे वेढे एकसारखे, एकावर एक पडत होते.

"किती छान बांधतेस," चिमणी म्हणाली. तिचा आवाज जरा खाली गेला होता. "दादा असता तर म्हणाला असता, बुटालाही नळी लावली हिने."

दोघी हसल्या. हसू फार वेळ टिकलं नाही. खाली दरीत कुणाची तरी गुरं चरत होती, त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"एक बरं," चिमणी म्हणाली. "डावा तरी शाबूत आहे."

वहिनीने पट्टी तशीच धरून डाव्या बुटाच्या टाचेवर अंगठा टेकवला आणि दाबला. अंगठा आत गेला. काढला, तरी खळगा तसाच राहिला.

"हाही गेलेलाच आहे, चिमणे. मी तेल लावते म्हणून दिसत नाही, एवढंच."

चिमणी त्या खळग्याकडे बघत राहिली. तिने पाय मागे घेतला नाही. वहिनीने हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मग ती तिथेच तोडली, उरलेली गुंडाळी नणंदेच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"पुढच्या वेळी त्याची छाती भरली," ती म्हणाली, "तर दवाखान्यात न्यायचं नाही. आपण दोघी त्याच्याजवळ बसू."