सरहाची सोयरीक

"कागद आणलेस का?" बू मिशारीने फाटकातच विचारलं.

शलाशने पिकअपच्या मागून सरहाला खाली उतरवलं. माजाचा बारावा दिवस होता. पाठीवर हात ठेवला की ती शेपूट बाजूला घेत होती. नर दाखवायचा तर आज, फार तर उद्या. शलाशने नकारार्थी मान हलवली. सरहाच्या वंशाचे कागद नव्हते.

बाकी सगळं होतं. दोन माज त्याने मुद्दाम रिकामे जाऊ दिले होते, हाडं पक्की व्हावीत म्हणून. तिसऱ्याची तयारी चार महिने चालली. जंताचं औषध, रक्ताची तपासणी, रोज उंटिणीचं दूध आणि बी काढलेला खजूर. माज सुरू झाला आणि गल्लीतले भटके कुत्रे दाराशी ठाण मांडून बसले, तेव्हापासून ती बायकांच्या खोलीत झोपत होती. बायकोने, नूफने, आपला जुना अबाया फाडून पिल्लांसाठी गोधडी शिवली. शिवता शिवता म्हणाली, "माझ्या तिन्ही बाळंतपणांत मिळून एवढी धावपळ केली नव्हतीस." खोटं नव्हतंच ते.

पण आजोबा धैदान यांच्या शिकारी सलूकींपैकी ही एकच मादी उरली होती. ही बिनपिल्लांची गेली की घराणं संपलं. डाव्या मांडीवर डागणीच्या तीन रेघा, तिसरी आखूड. आजोबांची खूण. पूर्वी ती त्यांच्या उंटांवरही असायची. आता उंट नाहीत, तंबू नाही, जहरा शहराच्या टोकाला पत्र्याचं घर आहे. आणि सरहाच्या तोडीचा नर त्या सगळ्या मुलखात एकच, बू मिशारीचा बर्क.

शलाश बिदून होता. बिदून म्हणजे विना. जन्म कुवेतचा, बापाचा जन्म कुवेतचा, बापाने सैन्यात घालवलेली वीस वर्षं कुवेतची, पण नागरिकत्वाचा कागद नाही, म्हणून माणूसच विना. धाकटी लेक सहा वर्षांची झाली, तिचा जन्मदाखला अजून कुठल्या तरी टेबलावर लोळतोय. अशा माणसाच्या सलूकीची नोंद कोण करून घेणार? अर्जात मालकाचा नागरिक क्रमांक लिहायची चौकट असते. ती रिकामी दिसली की खिडकीतला माणूस पुढचं वाचतही नाही.

सरहाला सावलीत बांधून बू मिशारीने त्याला दिवाणखान्यात नेलं. दोन पाहुणे आधीच बसले होते. कॉफी आली, बिनकानाच्या छोट्या फिंजानांत. शलाशने फिंजान समोर ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मागणं घेऊन आलेला माणूस शब्द मिळेपर्यंत घोट घेत नाही.

बू मिशारीने शब्द दिला, पण अट घालून. सरहा आपल्या नावावर करायची. रिवाजाप्रमाणे नराचा मालक एक पिल्लू घेतो, तेही तो घेणार नव्हता. पिल्लं शलाशने खुशाल ठेवावीत, फक्त त्यांच्या कागदावर मालक म्हणून बू मिशारीचं नाव लागेल. तो हे उपकार केल्यासारखं सांगत होता, आणि त्याला ते खरंच उपकार वाटत होते.

"अज्ञात रक्त माझ्या दारात चालत नाही," तो म्हणाला. "एवढंच."

"मालकालाच कागद नाही, कुत्रीला कुठून असणार?" एक पाहुणा म्हणाला. दुसरा हसला.

सलूकी ही वाळवंटातली खानदानी शिकारी जात, तिला कुत्री म्हणणं ही शिवी आहे. तिघांनाही ते माहीत होतं.

शलाश भिंतीकडे बघत होता. तिथे सोनेरी चौकटीत बर्कची वंशावळ टांगलेली होती. सात पिढ्या, मोहोर, सही. तो उठला आणि शेवटच्या, सर्वांत जुन्या रांगेतली नोंद त्याने बोट ठेवून वाचली. वदहा. पांढरी मादी. डाव्या मांडीवर डागणीच्या तीन रेघा, तिसरी आखूड. आई-बाप अज्ञात. मूळ मालक अज्ञात.

वदहा गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बू मिशारीचा बाप आजोबांच्या तंबूत आला होता आणि तीन फिंजानं होईपर्यंत त्याची नजर वदहावरून हलली नव्हती. आमच्यात सलूकी विकत नाहीत, पाहुण्याच्या मनात भरली तर देऊन टाकतात. आजोबांनी उठून तिची दोरी पाहुण्याच्या हातात दिली. त्या रात्री आजी जेवली नव्हती.

"ही वदहा कुणी दिली तुमच्या वडिलांना?" शलाशने विचारलं.

"आमच्या घराण्याचं मूळ आहे ती," बू मिशारी अभिमानाने म्हणाला. "वाळवंटातून आणली होती. असेल कुणीतरी तंबूवाला."

शलाश बाहेर गेला. तिघे मागोमाग आले. त्याने सरहाला उन्हात उभं केलं आणि तिची डावी बाजू त्यांच्याकडे वळवली.

बू मिशारी वाकला. त्याने तिन्ही रेघांवरून बोट फिरवलं. आखूड रेघेवर ते थांबलं. मग तो सरळ झाला आणि म्हणाला की नावावर करायचं राहू दे, अट नाही, काही नाही, बर्कला आत्ता सोडतो. "आत चल, शलाश. कॉफी तशीच राहिलीय तुझी."

शलाशने सरहाला उचलून पिकअपमध्ये ठेवलं. फळी लावली. कडी घातली. चुलतभाऊ फरहानकडे एक नर होता, म्हातारा, फाटक्या कानाचा, पण त्याच्या आईचं, आजीचं, पणजीचं नाव शलाशला तोंडपाठ होतं.

"कॉफी ओतून टाक, बू मिशारी," तो म्हणाला. "तुझ्या बर्कचं मूळ अज्ञात आहे, तूच भिंतीवर लावलंयस. अज्ञात घराण्यात आम्ही लेक देत नाही."