कसं झालं, साहेब?

मारुती वस्तादांनी पक्कडीने तार कापली, तेवढ्यात आकाशने मागून कंबरेला विळखा घालून त्यांना उचललं आणि आपटलं. हा डाव त्याला गावच्या तालमीत वस्तादांनीच शिकवला होता.

मळवलीच्या त्या फार्महाऊसवर आकाश गार्ड होता, अजून कच्चा. आज मॅनेजर श्रीयशसाहेब स्वतः त्याचं काम बघायला आले होते. पसंत पडलं तर कायम, नाहीतर उद्यापासून घरी बस. वस्तादांना पलीकडच्या आपल्या भातखाचरात जायला हीच एक वाट होती. ती वाट साहेबांनी तार ओढून बंद केली होती.

"कसं झालं, साहेब?" आकाशने धापा टाकत विचारलं.

साहेब खुर्चीतून उठलेही नाहीत. "इथे काय कुस्त्या लावल्यात? काठी कशाला दिलीय तुला?"

आकाशने काठी उचलली. एक पाठीवर, एक मांडीवर. म्हातारा ओरडेना. त्याचाच आकाशला संताप आला आणि पुढचा फटका त्याने जीव खाऊन हाणला. वस्तादांनी आडवा धरलेला हात मनगटात मोडला. कडकन आवाज झाला, तो खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

"आता?"

"आता बरं. पण तोंड चुकवून मारतोयस तू. लाजतोस की काय त्याला?"

"न्हाई, साहेब."

"मग?"

आकाशने तोंडावर मारलं. ओठ फाटला, दाढीवरून रक्त छातीवर उतरलं.

"हां. असं पाहिजे काम. जा, झालास कायम."

आकाशचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगा, आनंदानेच आले. हरामखोर काठी हातात धरून नुसता हसत उभा होता.

तालमीत एक रीत होती. जिंका नाहीतर हरा, झुंज संपली की वस्तादांच्या पायांना हात लावायचा आणि विचारायचं. पोरपणापासून अंगात मुरलेली गोष्ट. आकाशच्या हातातली काठी गळाली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तो वाकला होता.

"वस्ताद, कुटं चुकलं?"

वस्तादांनी तोंडातलं रक्त मातीत थुंकलं. त्याचा हात पोचण्याआधी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.

"आता त्यांनाच इचारत जा."