छातीइतक्या चिखलात

“माझ्या पावलावर पाऊल टाका साहेब. जरा बाजूला पडलं की गेलाच म्हणून समजा.”

नाथाजीने हे मागे न बघताच सांगितलं. मागून साताऱ्याचे वकील लालासाहेब येत होते. बूट गळ्यात बांधलेले, बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. पलूसच्या खालच्या अंगाला नदीच्या जुन्या पात्रातली ही दलदल. वर मांडीभर पाणी, खाली गुडघाभर चिखल. नाथाजीची काठी तळ चाचपत पुढे सरकत होती.

वकील दर हिवाळ्यात बदकांच्या शिकारीला यायचे. माणूस दिलदार. निम्मी बदकं गावात वाटायचे, शेवटचा बार वाटाड्याला मारू द्यायचे, पोराबाळांना खाऊ आणायचे. वाट दाखवायला नाथाजी आणि लव्हाळ्यातून पाखरं उठवायला त्याचा थोरला भाऊ जोतीराम, हे ठरलेलं.

गेल्या साली जोतीराम याच दलदलीतून चौघांच्या खांद्यावरून घरी आला. छातीत छर्रे घुसले होते.

“माझा पाय घसरला, हातातली बंदूक आपोआप उडाली,” असं वकिलांनी चौकशीत सांगितलं. शिकलेल्या माणसाचा शब्द. फौजदाराने मान डोलावली आणि कागद मिटले. ते साफ खोटं होतं. नाथाजी तिथंच होता, त्याला ठाऊक होतं.

तेव्हापासून त्याचं डोकं पेटलेलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरी वैनी, बनुबाई, रोज दिवेलागणीला वकिलाच्या नावानं कडाकडा बोटं मोडायची आणि पहिली भाकरी दिराच्या ताटात टाकायची. तो घास त्याच्या गळ्याखाली उतरत नसे. आणि हा वकील यंदाही बंदूक घेऊन हजर! कशाला आला हा?

नाथाजीने वाट सोडली. डावीकडे वळून तो पाण्याखालच्या खडकावर चढला. मागून येणाऱ्या वकिलांचा पाय खडकाशेजारी पडला आणि ते कमरेपर्यंत खचले.

“काठी दे!”

नाथाजीने काठी मागे घेतली.

“आदी कबूल व्हा. माज्या घरी चला आन् वैनीम्होरं सांगा. बंदूक आपसूक उडाली न्हाई. चाप वडला हुता.”

वकिलांनी पाय उपसायला जोर लावला, तसे ते आणखी खचले.

“कुणी वडला, त्येचं नाव घ्या तिच्याम्होरं!”

“ते मी सांगणार नाही.”

नाथाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “वरीस झालं, त्या बाईला खोट्यावर जगवताय! दोन पोरं हायत तिच्या पदरात. माजी जीभ उचलत न्हाई, न्हाईतर मीच कवा सांगितलं असतं.”

“मग नको सांगूस. मीही सांगत नाही.”

“तर बुडा हितंच!”

तो पाठ फिरवून चालू लागला. दहा पावलं गेला. मागून हाक येईल, माणूस गयावया करेल, असं त्याला वाटत होतं. काहीच आवाज आला नाही. त्या गप्प बसण्याचाच त्याला जास्त संताप आला.

तो तणतणत परतला. चिखल वकिलांच्या छातीला लागला होता. बंदूक केव्हाच पाण्यात गेली होती. नाथाजी खडकावर पालथा पडला आणि त्याने वकिलांची कॉलर धरून त्यांना गदागदा हलवलं.

“का सांगत न्हाई? जीव चाललाय तरी का सांगत न्हाई?”

लालासाहेबांनी त्याच्या हातावर आपला चिखलाचा हात ठेवला.

“सांगेन रे. पण तो बार तू मारलास हे ऐकल्यावर ती दोन पोरं घेऊन कुणाच्या घरात राहील, नाथाजी?”