सव्विसावी सही

शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं वागणं शेवंतीबाईंच्या डोक्यात जायचं. मॅच समोर चाललेली, आणि हा बघायचा त्यांच्या तोंडाकडे.

"सत्तरी आली माझी," त्या नातीला म्हणाल्या. "आता माझ्या थोबाडावर बघण्यासारखं काय उरलंय गं?"

"जाऊ दे ना आजी," श्रुतिका म्हणाली. "तू मॅच बघ."

"तिथं तरी काय आहे बघण्यासारखं?"

खोटं नव्हतं. गरुड संघ ओळीनं नऊ मॅच हरला होता. मोसमाच्या तोंडावर मालकांनी जुना कप्तान दादू पुण्याच्या संघाला देऊन टाकला, त्याच्या जोडीची माणसं काढली आणि मिसरूड न फुटलेली पोरं आणली. श्रुतिकाने आजीला घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरीच्या या हॉलमध्ये पहिल्यांदा आणलं ते चार घटका एसीत बसायला. पण बाईंना बास्केटबॉलचा किडा चावला. नियम निम्मेच कळायचे, कामचुकार मात्र सगळे कळायचे. चौथीत शाळा सुटली होती, पण चाळीस वर्षं चाळीच्या नळावरची रांग त्यांनी सांभाळली होती. कोण घुसणार आणि कोण नुसताच हंडा धरून उभा आहे, हे त्यांना पाठमोऱ्या माणसावरून समजायचं.

"ए नऊ नंबर," त्यांनी खाली आवाज दिला. "डावा हात घरी ठेवून आलास काय रे?"

शेजारच्याने वहीत काहीतरी टिपलं.

"घाटकोपरला राहता ना, आजी?" त्याने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच मघाशी ओरडलात. घाटकोपरहून हे बघायला मरत आलो काय, म्हणून." तो हसला. "थोडा धीर धरा. पुनर्बांधणी म्हटलं की असंच. जुनं काढल्याशिवाय नवं उभं राहत नाही. तीन वर्षं द्या."

बाईंच्या हातातली चकली हातातच राहिली.

तीन वर्षं. हेच शब्द त्यांच्या बहिणीला, मालनला, मुलुंडच्या बिल्डरने सांगितले होते. सातवं वर्ष चालू होतं, मालन लांब दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत, आणि तिच्या चाळीच्या जागी नुसता खड्डा. आता शेवंतीबाईंच्या चाळीचीही पाळी आली होती. सव्वीस खोल्या, संमतीच्या पंचवीस सह्या झालेल्या. सव्विसावी त्यांची, आणि ती काही केल्या होत नव्हती. ज्या खोलीत चार बाळंतपणं झाली आणि नवऱ्याने, काशीरामांनी, डोळे मिटले, ती एका सहीवर सोडायची? त्यांच्या बिल्डरने आधी मिठाई पाठवली. मग सुनेच्या माहेरचा माणूस पाठवला. आता हा माणूस थेट मॅचला बसवला होता.

दुसरी असती तर खुर्ची बदलून बसली असती. बाईंना उलट चेव आला. मेल्याच्या पोटात काय आहे ते काढायचंच.

पुढच्या मॅचला त्यांनीच त्याच्यापुढे चकल्यांचा डबा धरला. "नाव काय तुझं?"

"सर्वेश."

"काम काय करतोस?"

"बघायचं आणि वर कळवायचं."

"पाडायचं काम कोण करतं?"

"ते झालं आजी. आता उभं करायचंय." त्याने चकली मोडली. "बाकी सगळ्यांशी बोलून झालंय. तुमच्याशीच राहिलंय."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "चकली खा."

एक गोष्ट त्यांना उलगडेना. बास्केट पडली की हॉल उठायचा, हा बसून. बाईंनी तोंड उघडलं की याची पेन्सिल चालायची. त्यांचा एकेक शब्द त्याला कशाला हवा होता? कोर्टात दाखवायला?

अकराव्या मॅचला नऊ नंबरने डाव्या हातानं चेंडू टाकला. श्रुतिका नाचली. बाईंनी टाळी वाजवली नाही.

"आता त्या चौदा नंबरला कुणीतरी सांगा, माघारी पळायला रिक्षा पाठवू काय?"

पेन्सिल चालली. बाराव्या मॅचला चौदा नंबर माघारी असा धावला की बाई खुर्चीच्या टोकाला आल्या. मॅच हरलोच, पण दोनच गुणांनी.

तेराव्या मॅचला गरुड जिंकला. एका गुणाने. लोक खुर्च्यांवर चढले, अनोळखी माणसं गळ्यात पडली. त्या गलबल्यात सर्वेशने पिशवीतून फाइल काढली, फाइलमधून कागद.

"आजी, एक सही हवी होती."

कागदावर जाड अक्षरात लिहिलं होतं: संमतीपत्र. एवढा शब्द बाईंना झोपेतही वाचता आला असता. दोनदा दाराखालून आत आला होता.

"बघितलंस श्रुते?" त्यांचा आवाज चार रांगा ऐकू गेला. "आनंदाच्या दिवशी कागद काढला. सांग तुझ्या शेठला, शेवंती परब मेल्यावर अंगठा घे म्हणावं. जिवंतपणी मिळायचा नाय."

सर्वेशचं तोंड उतरलं. "सॉरी आजी. तुम्हाला राग येईल असं वाटलं नव्हतं."

श्रुतिकाने कागद ओढून घेतला. वाचला. परत वाचला.

"आजी, ऐक. 'गरुड बास्केटबॉल संघ. श्रीमती शेवंती परब यांनी दर शनिवारी सरावाला यावे, आणि प्रेक्षकांत बसून खेळाडूंना जे बोलतात तेच समोर उभे राहून बोलावे, यास त्यांची संमती आहे. आपला, सर्वेश, सहायक प्रशिक्षक.'"

बाईंनी हात पुढे करून वही मागितली. पान उलटलं. नऊ, डावा हात. चौदा, माघारी. पानामागून पान त्यांचंच बोलणं, शिव्यांसकट.

त्यांनी पेन घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि एकेक अक्षर दाबून सही केली. मग कागद त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "कोच असून सगळा मोसम माझ्या तोंडाकडे बघत बसलास? तरीच इतक्या हरलो. शनिवारपासून चेंडूकडे बघायचं."