जांभळाखालचा पाऊस

"अक्कल गहाण टाकली होती का हो गुरुजी?" डॉ. सबनीस गाडीतून उतरल्या त्या ओरडतच.

काल परिषदेत त्यांच्या एका हितशत्रूने पडद्यावर या शाळेच्या आवाराचा फोटो दाखवला होता आणि सगळं सभागृह खो खो हसलं होतं. पर्जन्यमापकाच्या डोक्यावर जांभळाच्या फांद्या छत्रीसारख्या पसरलेल्या! याच मापकाच्या तीस वर्षांच्या आकड्यांवरून बाईंनी जगाला ठणकावून सांगितलं होतं, की या डोंगरावरचा पाऊस आटत चाललाय. आटतोय कसला, तो जांभळावरच अडत होता. त्या आकड्यांनी बाईंना मानसन्मान दिले, संचालकपद दिलं. इथे मात्र त्या आज पहिल्यांदाच येत होत्या.

"रोज सकाळी साडेआठला येऊन पाणी मोजता, आणि एवढं झाड वाढलेलं दिसलं नाही? मातीत घातलीत माझी सगळी कारकीर्द!"

घुगे गुरुजींनी शाळेत जाऊन जुनी फाईल आणली.

"रोप गुडघ्याएवढं होतं, तेव्हाच विचारलं होतं मी, उपटू का म्हणून. हे तुमच्या ऑफिसचं उत्तर."

कागद पिवळा पडला होता. 'आवारात परस्पर काहीही बदलू नये. निरीक्षकाने मते कळवू नयेत, आकडे कळवावेत.' खाली लफ्फेदार सही होती. बाईंचीच.

"तेव्हापासून मत दिलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "आता बाजूला व्हा. साडेआठ झालेत."